दहा नंबरचं वाक्य

प्रल्हाद यावल्यांना नाडी नाही, हे वरुडात सगळ्यांना माहीत होतं. सकाळी ते संत्रा मंडीत येऊन बसले की एखादा नवा व्यापारी गमतीने त्यांचं मनगट धरायचा, आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून बाकीचे हसायचे. "नाडी नाई, अन् भाव पाडून मांगते बुढा!" यावल्यांनी याच मंडीत उभा जन्म हर्रास बोलला होता. ढिगापुढे उभं राहून बोली चढवायची, आणि शेवटची बोली झाली की हातावर हात आपटून ती पक्की करायची, हा त्यांचा धंदा. आवाज अजून खणखणीत होता. छातीत मात्र ठोक्याच्या जागी घरघर होती, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी.

ही घरघर पंपाची. निकामी होत चाललेल्या हृदयाच्या टोकाशी अंगठ्याएवढा पंप बसवलेला. हृदय दाबून-सोडून रक्त फेकतं, म्हणून मनगटात उडी लागते. पंप तसं करत नाही. विहिरीवरच्या मोटारीसारखा तो एकसारखी धार पुढे ढकलत राहतो. धारेला उडी नाही, म्हणून माणसाला नाडी नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डबीत जाते. डबीत बॅटऱ्या, एक छोटा संगणक आणि बोटभर पडदा. पंपाचं नाव 'अखंड'. कुणा मेलेल्या माणसाचं खरं हृदय मिळेपर्यंतची ही सोय. नागपूरच्या प्रतीक्षायादीत यावल्यांचं नाव वर सरकत चाललं होतं.

पडद्यावर उमटणारी मराठी वाक्यं त्यांच्या मुलीने लिहिलेली होती. हेही मंडीत सगळ्यांना माहीत होतं, कारण यावल्यांनी ते कोणाला सांगायचं ठेवलं नव्हतं.

मयुरी नागपूरला, पंप बनवणाऱ्या कंपनीत होती. डबीतल्या संगणकात एका वेळी बरेच प्रोग्राम चालतात. मुख्य प्रोग्राम पंपाचा वेग सांभाळतो, दुसरा बॅटरीवर नजर ठेवतो, तिसरा या दोघांवर. ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्याशी बोलते ती इशाऱ्यांनी, आणि इशारा म्हणजे नुसता आकडा. पंधरा म्हणजे आवरून घे, आता थांब. अकरा म्हणजे तू दुसऱ्याच्या वावरात शिरलास. नऊ म्हणजे बोलणंच खुंटलं, मर. प्रोग्राम पडला की मागे एवढा आकडा उरतो. सी भाषेत त्यासाठी एक तयार फंक्शन असतं: आकडा द्या, त्याचं वर्णन घ्या. पण वर्णन इंग्रजीत, आणि तेही प्रोग्रामरांना पुरेल इतकंच. 'अखंड'च्या पहिल्या डब्यांवर ते जसंच्या तसं यायचं. यवतमाळच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी स्वतःच्या कमरेवर 'किल्ड' असं वाचलं आणि त्या किंचाळत रस्त्यावर आल्या. पंप चालू होता. बाईंना ते पटवायला अर्धा मोहल्ला लागला.

मग कंपनीने मयुरीला मराठी वाक्यं लिहायला सांगितली. तिने एक लांब रांग केली. कप्प्याला जो नंबर, त्याच आकड्याचं वाक्य त्या कप्प्यात. आकडे तिने आपल्या लॅपटॉपवर एकेक पडताळून पाहिले. वाक्यं तिने आईने आजारी पोराशी बोलावं तशी लिहिली. प्रत्येकाच्या शेवटी 'पंप मंद चालू आहे. घाबरू नका, बसून राहा.' दहा नंबर सिस्टिमने वापरणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला असतो. तो कंपनीने डबीच्या बटणाला जोडला होता. बॅटरी बदलताना बटण दाबायचं. मुख्य प्रोग्राम बाजूला होतो आणि पंप बसल्या माणसाला पुरेल एवढा मंद फिरतो. म्हणून दहाच्या कप्प्यात तिने लिहिलं: 'वापरणाऱ्याच्या आदेशावरून पंप मंद केला आहे.'

पुढे सरकारनेच नियम केला, की शरीराला जोडलेलं कुठलंही यंत्र अडखळलं तर त्याने रुग्णाच्या भाषेत कारण सांगावं, आणि ते कारण पुरावा म्हणून धरावं. लोकांनाही ते बरं वाटलं. डॉक्टर एक सांगतात, नातेवाईक दुसरं. यंत्राला कोणाची बाजू नसते.

आणि एका सकाळी यावले मंडीच्या ओट्यावर, हिरव्या संत्र्यांच्या ढिगापुढे, उभ्याचे आडवे झाले. बोबडे नावाचा अडत्या धावला. त्याने डबी उचलून पडद्यावरचं वाक्य वाचलं. हर्राशीच्या जागी माणूस हळू वाचत नाही. सगळ्या मंडीने ऐकलं: "वापरणाऱ्याच्या आदेशावरून!"

बॅटरी बदलायची नव्हती. माणूस बसलेला नव्हता. उभ्याने बटण दाबून कोणी पंप मंद करत असेल, तर त्याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो.

नागपूरच्या रुग्णालयात प्रत्यारोपण समितीच्या प्रमुख डॉक्टर गिरटकर होत्या. त्या फार मृदू बोलायच्या, त्यामुळे भीती जास्त वाटायची.

"मयुरी, हृदयं कमी आहेत आणि मागणारे खूप. ज्याने स्वतः पंप मंद केला, त्याला मी दुसऱ्याचं हृदय कसं देऊ?"

"ते म्हणतात मी दाबलं नाही."

"सुरुवातीला सगळेच म्हणतात गं." गिरटकर बाईंनी चष्मा काढला. "तूच सांग. तुमच्या यंत्रावर विश्वास ठेवू की नको?"

मयुरीने क्षणभरही विचार केला नाही. "ठेवा," ती म्हणाली. त्यात थोडा अभिमानही होता.

नियम सरळ होता. स्वतःहून मंद केलं आणि नाकारलं, तर यादीतून नाव कायमचं गेलं. मान्य केलं, मनाचे उपचार घेतले, तर सहा महिन्यांनी नाव परत.

यावले खाटेवर उशीला टेकून बसले होते. डबीची वायर भिंतीतल्या विजेला लावलेली.

"बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटे राहता. मला कळायला हवं होतं."

"तुही माय गेल्यावर मी सैपाक शिकलो. मराचं असतं त कांदा चिराले शिकलो असतो काय?"

"मग बटण कोणी दाबलं?"

"मले काय मालूम! मी बोबड्याच्या ढिगाकडे पाहून राह्यलो होतो. माल हिरवा, अन् तो पिकला म्हणून इकून राह्यला होता."

"बाबा, यंत्र खोटं नाही बोलत. ते वाक्य मी लिहिलंय."

यावल्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू लिहिलं म्हणून त रोज वाचतो मी," ते म्हणाले.

ती खाटेच्या कडेवर बसली आणि त्यांचा हात धरला. मनगटात काही नव्हतं, नेहमीसारखंच. "नुसतं हो म्हणा. मी रागावणार नाही. सहा महिने निघून जातील, मी येऊन राहते वरुडला."

"म्हणजे जगाचं असंल त सांगाचं, मराचं होतं म्हणून."

"हो म्हणा ना, बाबा."

"तुले वाटते का, मी दाबलं असंल?"

तिने उत्तर द्यायला जरा उशीर केला. तेवढा उशीर पुरे होता. दुसऱ्या दिवशी समितीपुढे यावले म्हणाले, "हाव. माह्याच हातानं झालं." आणि सवयीने हातावर हात आपटला.

बटणावर आता कुलूप आलं. चार आकड्यांचा कोड, तो फक्त मयुरीकडे. ती रजा घेऊन त्यांना वरुडला घेऊन आली. येताना विजेच्या बसमध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत होते, एकाच खिडकीबाहेर. घरी आल्यावर तिने सुऱ्या-चाकू उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. यावल्यांनी ते पाहिलं आणि कांदा तसाच, न चिरता, परडीत ठेवून दिला.

तिन्हीसांजेला बॅटरी बदलायची वेळ झाली. रुग्णालयात डबी भिंतीच्या विजेवर होती, त्यामुळे ही वेळ तिथे आलीच नव्हती. यावले दिवाणावर भरलेल्या बॅटऱ्या मांडीवर घेऊन बसले. "लाव बाई, कुलूप उघड. लेकरू करून टाकलं मले."

मयुरीने कोड टाकला आणि बटण दाबलं. घरघर खाली आली. पडद्यावर उमटलं: 'अनोळखी इशारा: १६. पंप मंद चालू आहे. घाबरू नका, बसून राहा.'

"हे काय आलं?"

"रोजचं हाये ते."

"रोजचं? केव्हापासून, बाबा?"

"नवी डबी देली तवापासून. म्हटलं, पोरीचं एखादं वाक्य लिहाचं राहून गेलं असंल. कोणाचं राहत नाई?"

"मला सांगायचं ना!"

"कायले सांगू? तू आपली जीव जाळत बसली असती. अन् हाफिसात कोणी तुले बोललं असतं तं?" त्यांनी बॅटरी बसवली. "चांगलं त चाललं होतं. घाबरू नका म्हणते, मी घाबरत नव्हतो."

तिने पुन्हा कोड टाकून बटण दाबलं. सोळा. पुन्हा. सोळा.

बटण दाबलं की सोळा येतं. मग दहा कशाचं?

तिने लॅपटॉप उघडला. मागच्या वर्षी कंपनीने डबीतली चिप बदलली होती. बॅटरी दीडपट पुरते म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तिनेही. नऊ, अकरा, पंधरा हे आकडे सगळीकडे तेच असतात. पण मधले काही आकडे चिपच्या घराण्यागणिक बदलतात. एका घराण्यात दहा म्हणजे वापरणाऱ्याचा इशारा, दुसऱ्यात वापरणाऱ्याचा इशारा सोळा, आणि दहा म्हणजे भलतंच काही. जाणते लोक म्हणून इशारे आकड्याने नाही, नावाने लिहितात. नाव लिहिलं की त्या-त्या चिपचा आकडा आपोआप येतो. मुख्य प्रोग्राम तसाच लिहिलेला होता, म्हणून नव्या चिपवरही बटण बिनचूक चालत होतं. सगळ्या डबीत आकड्यांवर उभी असलेली एकच गोष्ट होती: तिची वाक्यांची रांग.

नव्या चिपवर दहा म्हणजे मेमरीतला दोष. प्रोग्रामने एका पत्त्यावरचं काही मागितलं, आणि त्या पत्त्यावर चिपला काही सापडलंच नाही. मुख्य प्रोग्राम त्यावर पडला आणि पंप आपोआप मंद झाला; माणसाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बटण दाबलं नव्हतं."

ती वाट पाहत होती की ते ओरडतील, म्हणतील, मी सांगत नव्हतो? त्यांनी फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"मले दिसाले लागलं होतं, मयू."

"काय?"

"हे बोट. बटणावर. पयले नव्हतं दिसत. मंग रोज थोडं थोडं जास्त साफ दिसे. बोबड्या बोलून राह्यला, अन् माहं बोट खाली जाऊन राह्यलं. म्हटलं, आपुनच इसरलो." त्यांनी बोट मिटलं. "तुह्या वाक्यावर भरोसा ठेवला मी. माह्यावरचा उडाला."

आणि मग, अगदी हळू: "तुहाही उडाला होता."



सकाळी तिने समीर हस्तक याला फोन केला. हस्तक तिचा वरिष्ठ. वाईट माणूस नव्हता, तिच्या आईच्या आजारपणात तो दवाखान्यात बसून राहिला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चिपचं नीट बघावं लागेल," तो म्हणाला. "पण तुझ्या बाबांनी समितीपुढे कबूल केलंय, मयुरी. आकडा बदलला तरी कबुली कशी बदलणार?"

"मी म्हणायला लावलं त्यांना!"

"हे लेखी देऊ नकोस. ऐक. मी गिरटकर मॅडमशी बोलतो. तांत्रिक दुरुस्ती म्हणून बाबांचं नाव या आठवड्यात परत वर येईल. जुन्या चिपची डबी परवा पोचेल तुझ्याकडे, मी स्वतः पाठवतो. बाकीच्या डब्या पुढच्या अपडेटनंतर हळूहळू बदलू. तोपर्यंत कुठे बोलायचं नाही. आत्ता बोललीस तर चौकशी लागेल, सगळं गोठेल. बाबांची फाइलसुद्धा. त्यांना तेवढा वेळ आहे का?"

हे धमकीसारखं नव्हतं. हे खरंच होतं, म्हणून जास्त वाईट होतं.

तिने यावल्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. तिची अपेक्षा होती की बाबा कडाडतील. तिच्या मनातले बाबा तसे होते.

"घेऊन टाक," यावले म्हणाले.

"काय?"

"डबी घे, नाव घे. काऊन नाई? मले जगाचं हाये, मयू. तुमाले सगळ्याईले हेच त सांगून राह्यलो होतो मी." त्यांचा आवाज चिरकला. हर्राशीत तो कधी चिरकला नव्हता. "मले नवं काळीज पाह्यजे. मले जिना चढाचा हाये. मी काही साधू नाई."

"बरं, बाबा."

"बरं."

ती उठली, चहा टाकला. यावले परडीतला कांदा घेऊन बसले. चाकू फळीवर होता, तो त्यांनी तिच्याकडे मागितला, आणि तिने दिला. ते पाटावर कांदा चिरू लागले.

"बाकीचे म्हणाला ना तो. ते किती?"

तिने ते आधीच पाहिलं होतं. कंपनीच्या सर्व्हरवर नव्या डब्यांचे सगळे इशारे जमा होत. "दहा आकडा एक्केचाळीस जणांना आला."

"जित्ते हायेत?"

"नऊ जण गेले."

चाकू थांबला. "त्याईच्या घरी काय सांगतलं?"

"काही सांगत नाही आपण. डबीवर लिहून येतं."

"तुहं वाक्य."

"हो."

यावल्यांनी डोळे पुसले. कांद्याने असेल. "एवढे दिवस मले वाटलं, मी तुले सोडून चाल्लो होतो. जित्ता होतो, म्हणून तू मले सांगू शकली." त्यांनी चिरलेला कांदा ताटलीत सारला. "त्या मेलेल्याईले कोण सांगते?"

"बाबा, मी आत्ता एक जरी फोन केला ना, तर ते गुपचूप वगैरे काही राहणार नाही. डबी परवा येणार नाही. कदाचित महिना लागेल. ही डबी उद्या पुन्हा पडू शकते."

"उभा नाई राहीन. बसून राहीन." ते हसायचा प्रयत्न करत होते. "तूच लिहिलं ना, बसून राहा म्हणून."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते ना. लय वाटते." त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. "लाव, मी मागं घेण्याआधी."

गेलेल्या नऊ जणांत पहिलं नाव कारंज्याचं होतं. मनोहर ढोरे, वय एकोणसाठ. पाण्याची टाकी धुवायला शिडीवर चढले होते. फोन त्यांच्या बायकोने उचलला. मयुरीने आपलं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, आणि मग तिने पाठ केलेलं सगळं विसरून ती भलतीकडूनच सुरुवात करत गेली. चिप, आकडे, घराणी. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"बाई," शेवटी छाया ढोरे म्हणाल्या, "मले आकड्यातलं समजत नाई. त्याईनं बटण दाबलं का नाई, तेवढं सांगा."

"नाही दाबलं."

"डबीवर लिहून आलं होतं. माह्या पोरानं वाचून दाखोलं."

"ते चुकीचं होतं. ते मी लिहिलं होतं."

पुन्हा पंखा. मयुरीने बाबांकडे पाहिलं. ते दिवाणावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं," छायाबाई म्हणाल्या. "पंख्यावरून. मी म्हणे बंद करा, ते म्हणे राहू द्या. एवढंच. मंग ते शिडीवर गेले." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "लोक म्हणत, एवढ्याशा गोष्टीवरून जीव देला माणसानं. मी त्याईच्या तेरवीले बसली नाई, बाई. मले एवढा राग होता. पोरगा अजून माह्याशी सरका बोलत नाई. त्याले वाटते, मी काही मोठं बोलली असंन अन् लपवून राह्यली."

"मी त्याच्याशी बोलते. मी कारंज्याला येते."

"तो राग मी आता कोणावर धरू?"

"माझ्यावर धरा," मयुरी म्हणाली.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, मग दुसरी. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गॅस बंद करून येतो," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नको."